मदत हवी आहे: लेक जर्मनीत, तिचं नवीन एटीएम कार्ड साताऱ्यात

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक. मुलगी श्टुटगार्टला शिकायला आहे. तिच्या इथल्या बचत खात्याच्या डेबिट कार्डाची मुदत या महिनाअखेर संपतेय. बँकेनं नवीन कार्ड आपणहून घरच्या पत्त्यावर पाठवलं. कुरिअरवाला आधी ‘जिच्या नावाचं तिलाच देणार’ म्हणून दारात अडून बसला, मग माझं आधार कार्ड बघून, आडनाव जुळलं म्हणून देऊन गेला. आता पाकीट टेबलावर आहे आणि घरात तीन मतं आहेत.

माझं मत कुरिअर करावं. पोवई नाक्यावर एका ठिकाणी गेलो. ‘आत काय आहे?’ ‘बँकेचं कार्ड.’ त्यानं पाकीट बोटानं परत माझ्याकडे सरकवलं. दुसऱ्या दुकानातला म्हणाला, ‘काका, नुसती कागदपत्रं लिहू, कशाला सांगताय?’ ते काही मनाला पटलं नाही.

सौ.चं मत असं, की कंदी पेढ्यांचा डबा पाठवायचाच आहे, तर तळाच्या पुठ्ठ्याखाली कार्ड सरकवावं. मुलीचं इथलं सिमही आमच्याकडेच जुन्या फोनमध्ये आहे, तेही त्यातच टाकावं. तिचंही खरं आहे म्हणा. ओटीपी आला की ही चष्मा शोधते, मुलगी व्हॉट्सॲपवर ‘आई लवकर, आई लवकर’ करत असते, आणि सहातले चार आकडे सांगेपर्यंत वेळ संपलेली असते.

मुलगी म्हणते दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, निम्मं काम तेवढ्यानं होईल.

कुणी असं कार्ड पाठवलंय का? पोस्टानं जातं का? वाटेत कुणी काढून घेतलं तर खात्यातले पैसे जातील का?

रिकामी_खिडकी: काका, बँकेत होतो, आता निवृत्त. आधी धीर देतो. 15 जानेवारी 2020 ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं, त्यानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि नुसतं टेकवून पैसे देणं, हे तिन्ही बंद असतं. खातेदारानं ॲपमधून किंवा नेटबँकिंगमधून चालू केलं तरच चालतं. मुलीला सांगा, ॲप उघडून हे सगळं बंदच आहे ना ते बघ, रोजची मर्यादाही कमीत कमी कर. जुन्या कार्डाच्या जागी आलेलं कार्ड आहे, त्यामुळे गृहीत धरू नका, डोळ्यांनी बघा.

पिन अजून केलेला नसेल तर कार्ड हातात पडेपर्यंत करूच नका. पिनचं पाकीट वेगळं आलं असेल तर ते साताऱ्यातच राहू द्या.

आता वहिनींच्या डब्याबद्दल. कार्ड एकटं असेल तर तो प्लॅस्टिकचा तुकडा आहे. त्याच्या शेजारी सिम ठेवलं की डबा ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडे कुलूपही आलं आणि किल्लीही. त्या सिमवर ओटीपी येतो, ओटीपीवर पिन बदलता येतो. या दोन वस्तू एका पाकिटात, एका पिशवीत, एका माणसाबरोबरसुद्धा नको.

नेकारच्या_काठी: पेढ्यांचा डबा तर अजिबात नको! युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ टपालानं आणायला बंदी आहे. कस्टमवाले डबा उघडणार, पेढे नष्ट करणार, आणि तळाशी लपवलेलं कार्ड बघून आणखी शंका घेणार. माझ्या आईनं एकदा खव्याच्या पोळ्या पाठवल्या होत्या. मला फक्त कस्टमचं पत्र मिळालं.

चहा_कडक: फोटोचं कुणी बोललं नाही. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर परदेशी साइटवर खरेदी होते, तिथं बहुतेक वेळा ओटीपी मागतच नाहीत. मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॲपवर नको. गॅलरीत राहतो, बॅकअपमध्ये जातो, फोन दुरुस्तीला दिला की दुकानदारासमोर. फारच अडलं तर फोनवर तोंडी सांगा, तेही दोन तुकड्यांत.

धागाकर्ता: सर्वांचे आभार. मुलीनं ॲप बघितलं. ‘परदेशातील वापर’ चालू होता! जुन्या कार्डाची सेटिंग तशीच पुढं आली असावी. तिनं तिथल्या तिथं बंद केला. आता पोस्टाचं सांगा.

नेकारच्या_काठी: हेड पोस्टात आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट करा. पावतीवर तेरा खुणांचा क्रमांक मिळतो, सुरुवातीला ई, शेवटी आयएन. तोच क्रमांक जर्मनीतल्या डीएचएलच्या साइटवरही चालतो. खिडकीवर आत काय आहे ते सरळ सांगा. नाही म्हणाले तर पाकीट घेऊन घरी या. खोटं लिहून पाठवलं आणि हरवलं तर भरपाई मागायला तोंड राहत नाही.

बँकेचं लोगोवालं पाकीट वापरू नका. कार्ड दोन जाड पुठ्ठ्यांत चिकटपट्टीनं बसवा, चार ओळींच्या पत्रात गुंडाळा आणि साध्या मोठ्या लिफाफ्यात घाला. चिकटपट्टी चिपवर नको. बाहेरून चाचपून कार्डाची कड लागली नाही पाहिजे, करून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्ता. इथं जर्मनीत फ्लॅट नंबर बघत नाहीत, टपालपेटीवरचं आडनाव बघतात. मुलगी कुणाच्या घरात खोली घेऊन राहत असेल आणि पेटीवर तिचं नाव नसेल, तर पाकीट सरळ परत. तिच्या नावाखाली ‘बाय’ आणि घरमालकाचं आडनाव लिहायचं, स्पेलिंग बी, ई, आय. घरी कुणी नसलं तर शेजाऱ्याकडे ठेवतात किंवा जवळच्या पोस्टाच्या दुकानात. चिठ्ठी मिळते, ती आणि पासपोर्ट घेऊन जायचं. दुकानात आठवडाभरच थांबतं.

चहा_कडक: आणि सिम पाठवायचंच कशाला? ते तुमच्या हातात आहे तोवरच ई-सिमचा, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच बसणाऱ्या सिमचा, अर्ज करा. क्यूआर कोड तिच्या ईमेलवर जातो, तिचा फोन ई-सिम चालणारा असला की झालं. सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद असतात, तेव्हा घाबरू नका आणि त्या दिवशी बँकेचं काम काढू नका. रिचार्ज मात्र चालू ठेवा, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल.

रिकामी_खिडकी: काका, एक विचारायचं राहिलं. मुलीनं बँकेला कळवलंय का, की ती परदेशात राहते?

धागाकर्ता: नाही. शिकायलाच गेलीय, परत येणार आहे.

रिकामी_खिडकी: तरीही. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीनं शिकायला गेलेलाही अनिवासी धरतात. साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यावं लागतं. निम्म्या साताऱ्याच्या घरात हे केलेलं नसतं, हेही मला माहीत आहे. पण खातं बदललं की बहुतेक बँका जुनं कार्ड बंद करतात, आणि बऱ्याच बँकांचं एनआरओ कार्ड भारताबाहेर चालत नाही. म्हणजे एवढ्या खटपटीनं पाठवलेलं हे कार्ड महिन्याभरात भिंगरी करायच्या लायकीचं होईल. शाखेत विचारून मगच पोस्टात जा.

तिला तिथं पैसे लागतात म्हणूनच ना कार्ड? मग तुमच्या खात्यातून तिच्या जर्मन खात्यात पाठवा. निवासी माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन, परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म, तिच्या विद्यापीठाचं पत्र. वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापत नाहीत. सगळ्या शाखा परकीय चलनाचं काम करत नाहीत, तेवढं आधी विचारा.

धागाकर्ता: आज शाखेत गेलो. तुम्ही म्हणालात तेच निघालं. एनआरओ झालं की हे कार्ड रद्द. मॅडमनी ए-2 फॉर्म हातात दिला, म्हणाल्या आमच्याकडे होत नाही पण आम्ही पुढं पाठवतो. मुलीला विचारलं, अगं तुला हे कार्ड नक्की कशाला हवं होतं? म्हणाली, ‘असावं म्हणून.’

तेव्हा कार्ड गोदरेजच्या कपाटात, सगळं बंद करून. ई-सिम काल चालू झालं. पहिला ओटीपी तिला थेट गेला, तरी सौ. सवयीनं चष्मा घेऊन जुन्या फोनकडे बघत बसली होती.

आता सौ.चा प्रश्न: गोडोलीतला एक मुलगा पुढच्या आठवड्यात तिकडे निघालाय, पेढे त्याच्या बॅगेतून दिले तर?

नेकारच्या_काठी: नाही हो काकू! प्रवाशाच्या बॅगेलाही तोच नियम. मेतकूट द्या, शेंगदाण्याची चटणी द्या. डबा घट्ट बांधा, माझ्या अख्ख्या बॅगेला महिनाभर लसणाचा वास होता.

धागाकर्ता: डाळी भाजायला घेतल्यात.