‘कमाल आकडा वकिलांचा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

महूकर: काल इथे एकाने लिहिलं, टेक्सासचा मेहुणा रायफलीची .३०-०६ काडतुसं घरी भरतो आणि सुरुवातच पुस्तकातल्या बंदुकीच्या दारूच्या कमाल आकड्यापासून करतो, कारण ‘कंपन्या वकिलांच्या भीतीने आकडे कमी छापतात, प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी) चपटा झाला नाही म्हणजे ठीक’. डोकंच फिरलं! सुरुवातीचा आकडा दिलेला असतो, तो घ्या. नुसता कमाल दिला असेल तर १० टक्के उतरा आणि बेताबेताने चढा. या काडतुसाची दाबाची मर्यादा ६०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), ती काय नुसत्या नजरेने मोजणार? प्रायमर बोलेपर्यंत दाब कधीच वर गेलेला असू शकतो. गोळी, प्रायमर किंवा पितळी खोळ बदलली की पुन्हा खालून. लष्करी खोळ बहुधा जाड, आत जागा कमी, तेवढ्याच दारूला दाब जास्त.

राजवाडा_कट्टा: तो ‘एक’ म्हणजे मीच, भिया. मेहुण्याची दहाही बोटं शाबूत आहेत. एवढी काळजी तर निम्मीच दारू घाला ना!

ह्यूस्टनची_सून: निम्मी मुळीच नको! मंद जळणारी दारू फार कमी भरल्यावरही रायफली फुटल्यात. किमान आकड्याच्या खाली जायचं नाही. आणि उन्हात तापलेल्या गाडीतली काडतुसं दाब वाढवतात ते वेगळंच. मेहुणे तोलतात कशावर?

राजवाडा_कट्टा: ०.०१ ग्रॅमच्या डिजिटल काट्यावर. आपल्या सराफ्यात सोनं तसंच तोलतात, दारूचं काय घेऊन बसलात?

तुकोगंजचे_काका: सराफ्याचं नाव काढू नका! हिच्या पाटल्या एका दुकानात एक वजन, शेजारी दुसरं. वर पंखा गरगरतोय, काटा नाचतोय, आणि शेठ म्हणतो ‘चालतं हो काका’.

महूकर: काका, मुद्दा तोच आहे. ०.०१ ग्रॅम म्हणजे ०.१५ ग्रेन (दारू तोलायचं छोटं एकक). भरणारे ०.१ ग्रेनचा हिशोब ठेवतात, त्याला हा काटा ढोबळच. पंखा बंद, आणि आधी प्रमाणित वजन ठेवून काटा तपासायचा.

तुकोगंजचे_काका: प्रमाणित वजन मागितलं तर शेठ रुसला! घट वेगळी, घडणावळ वेगळी, वर खड्यांचंही वजन सोन्याच्या भावात!

ह्यूस्टनची_सून: काका, इथे रायफल चाललीय.

महूकर: आणि इंदुरात कोणी प्रयोग करू नका. परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

राजवाडा_कट्टा: बरं बाबा, मेहुण्याला कळवतो, १० टक्के उतर, महूहून हुकूम आलाय. वकिलांबद्दलचं मत मात्र बदलणार नाही. काका, दुकानाचं नाव?

तुकोगंजचे_काका: नाही सांगणार. उधारी आहे.