एस/एन ११८ म्हणजे आवाज चांगला? स्पेक शीट बेरजेला घेणाऱ्यांसाठी

मंद्रसप्तक

आकडेमोड यांनी परवा इथे फोरमवर पाच सीडी प्लेअरांच्या स्पेक शीटवरून (कंपनीने छापलेले आकडे) तक्ता टाकला. सिग्नल-टू-नॉइज (एस/एन, सिग्नल गोंगाटाच्या किती वर), डिस्टॉर्शन (सिग्नलमध्ये पडणारी विकृती), चॅनल सेपरेशन (डावं-उजवं किती वेगळं राहतं) असे तीन रकाने, तिन्हींचे गुण, गुणांची बेरीज आणि खाली निकाल: "पहिल्या क्रमांकाचा आवाज सर्वांत स्वच्छ, शेवटचे दोन घेऊ नका." त्यावर लोकांचे धडाधड "वाखु (वाचनखूण) साठवली" सुरू झाले. आता त्या भरवशावर कुणीतरी खरेदीही करेल. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

पहिला रकाना घ्या. एस/एन ११८ डेसिबल. हा आकडा येतो कसा? चाचणीच्या तबकडीवर संपूर्ण शांततेचा ट्रॅक लावतात, म्हणजे सगळेच्या सगळे बिट शून्य. सलग शून्यं आली की बऱ्याच डॅक चिप्स (आकड्यांचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या) ती ओळखतात आणि आउटपुट म्यूट करतात. मग मोजणी होते ती म्यूट केलेल्या आउटपुटची, वर ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणाऱ्या पट्ट्यांना कमी वजन) लावून. गाणं सुरू झालं की म्यूट उघडतो आणि तो आकडा राहत नाही. शिवाय १६ बिटांची मर्यादाच साधारण ९८ डेसिबल, नीट डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट) दिलेल्या रेकॉर्डिंगला ९३ च्या आसपास. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ११० आणि ११८ मधल्या फरकाला तुम्ही आठ गुण दिलेत, आणि तबकडी वाजायला लागली की त्या आठांतला एकही ऐकू येत नाही.

डिस्टॉर्शन ०.००२ टक्के. कुठल्या पातळीला? १ किलोहर्ट्‌झ, पूर्ण लेव्हलला. संगीत तिथे किती वेळ असतं? जुन्या मल्टिबिट डॅकमध्ये (प्रत्येक बिटाला वेगळं वजन) खरी अडचण तळाशी होती. सिग्नल शून्य ओलांडताना सर्वांत मोठा बिट पालटतो, तो नेमका जुळवलेला नसेल तर उणे ९० डेसिबलचा (पूर्ण लेव्हलच्या ९० डेसिबल खालचा) सूर एक-दोन डेसिबल वर-खाली वाजतो आणि विरत जाणारा स्वर खरखरीत होतो. पूर्ण लेव्हलच्या आकड्यात हे दिसत नाही. उणे ६० डेसिबलला मोजलेली डायनॅमिक रेंज (सर्वांत मोठ्या सिग्नलपासून गोंगाटापर्यंतचं अंतर) निदान थोडंफार सांगते. ती काही शीटवर होती, तुम्ही घेतली नाहीत.

आणि ज्या रकान्यातून खरंच काही कळलं असतं तो तुम्ही "सगळ्यांचा सारखाच" म्हणून गाळलात. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती पातळीला वाजतो) २ हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, पण अधिक-उणे किती डेसिबल? ओव्हरसॅम्पलिंग (दोन सॅम्पलच्या, म्हणजे क्षणोक्षणीच्या मोजण्यांच्या, मध्ये हिशेबाने आणखी भरणं) न करणारा डॅक, वेगळी भरपाई नसेल तर, २० किलोहर्ट्‌झला तीन डेसिबलहून जास्त खाली येतो. कागदावर मात्र हीच ओळ छापता येते.

तुमच्या पद्धतीने १९८२ साली काय झालं असतं बघा. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरात १४ बिटांचा डॅक, सोनी सीडीपी-१०१ मध्ये १६ बिटांचा. तक्त्यात फिलिप्स तळाला. प्रत्यक्षात फिलिप्सने चौपट ओव्हरसॅम्पलिंग आणि नॉइज शेपिंग (गोंगाट ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलणं) करून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात १६ बिटांच्या तोडीची कामगिरी काढली. सोनीत एकच डॅक दोन्ही चॅनलना आळीपाळीने वापरलेला, त्यामुळे डाव्या-उजव्यात सुमारे ११ मायक्रोसेकंदांचं अंतर. बिटांच्या रकान्यात यातलं काय दिसलं असतं?

माझं म्हणणं एवढंच: मोजणीची अट लिहिलेली नसेल तर त्या आकड्याला गुण देऊ नका.

आकडेमोड

एवढं लांबलचक लिहिण्याआधी माझ्या धाग्यावर विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी ते आकडे घरी बसून रचले नाहीत, कंपन्यांनी छापलेत. उणे ६० चा आकडा पाचांपैकी दोघांनीच दिलाय, मग तुलना करायची कशी? जे सगळ्यांकडे आहे तेच घेणार ना?

आणि ०.००२ आणि ०.००५ टक्के यांतला फरक काल्पनिक नाही. उणे ९४ आणि उणे ८६ डेसिबल, म्हणजे आठ डेसिबल. ज्या कंपनीने एवढी काळजी घेतली तिने बाकी ठिकाणीही घेतली असेल, हे गृहीत धरण्यात चूक काय? त्यापेक्षा "उबदार आवाज", "रेशमी वरचे सूर" असली वर्णनं वाचून यंत्र घ्यायचं का? निदान माझा तक्ता कुणालाही तपासता येतो.

डेसिबल

तुमच्या दोघांचं भांडण ज्या फरकावरून चाललंय तो माणसाच्या कानाच्या आवाक्यात आहे का, हे आधी बघा. उणे ८६ डेसिबलवरचं डिस्टॉर्शन गाणं चालू असताना ऐकणारा मला अजून भेटलेला नाही. चॅनल सेपरेशन? रेकॉर्ड प्लेअरच्या पिकअपला २५-३० डेसिबल मिळालं तरी लोकांना वादक जागच्या जागी बसलेले ऐकू यायचे. तुमच्या तक्त्यात ९५ वाल्याला कमी गुण आणि १०८ वाल्याला जास्त.

जिटरचा (सॅम्पलच्या वेळेतल्या डगमगीचा) बाऊही तसाच. बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ साली ऐकून चाचण्या घेतल्या. सर्वांत अवघड अशा शुद्ध सुरावरही जिटर ऐकू यायला सुमारे १० नॅनोसेकंद लागले, संगीतावर त्याहून जास्त. बरा बनवलेला प्लेअर याच्या कितीतरी खाली असतो.

स्पेक शीटवरचा सर्वांत उपयोगी आकडा कोणीच बघत नाही: आउटपुट व्होल्टेज. एक प्लेअर २ व्होल्ट देतो, दुसरा २.३. फरक १.२ डेसिबल. एवढ्या फरकाला माणूस "हा जास्त मोठा वाजतो" म्हणत नाही, "हा जास्त मोकळा वाजतो, तपशील जास्त आहेत" म्हणतो. शोरूममध्ये झालेली निम्मी मतं याच १.२ डेसिबलवर उभी आहेत.

कानसेन

म्हणजे तीस वर्षं आम्ही ऐकतोय तो भ्रम. छान.

माझ्याकडे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची एक पियानोची तबकडी आहे. जुन्या प्लेअरवर तिचा आवाज गोलसर, भरीव. तो प्लेअर माळ्यावर गेला, नवीन ट्रान्सपोर्ट (फक्त तबकडी वाचणारं यंत्र) घेतला, डिजिटल आउटने वेगळ्या डॅकला जोडला. स्पेक्स सगळे वरचढ. तीच तबकडी लावली तर कान किटले. हातोडीचा ठोका आधी कानात शिरतो, मागून पियानो येतो. पंधरा मिनिटांत बंद केली. मी मुद्दाम वाईट ऐकायला बसलो नव्हतो, नव्या यंत्रावर पैसे घातले होते, ते चांगलं वाजावं अशीच इच्छा होती. व्होल्टेजने हे होतं का? आवाज कमी केला तरी कर्कशच. आता सांगा "कानाच्या आवाक्यात नाही" म्हणून.

जुनं यंत्र

इथे सगळे आवाजावर बोलताय, पण यंत्र चालू राहिलं तर आवाज. माझा प्लेअर सर्व्हिसला दिला तर उत्तर आलं, "लेन्स असेंब्ली येणं बंद झालं, नवीन घ्या." अख्खं यंत्र धडधाकट, ट्रान्सफॉर्मर, डॅक, पॅनल सगळं ठीक, आणि नखाएवढ्या लेन्ससाठी भंगार. ट्रेचा रबरी बेल्ट तर त्याआधीच सैल पडलेला, बोटाने ढकलल्याशिवाय ट्रे आत जात नव्हता. हे कुठल्या स्पेक शीटवर असतं?

आणि बंद पडायच्या आधी कित्येक महिने आवाज बोथट झाला होता. वरचे सूर गेलेले. लेन्स हळूहळू मरते आणि आवाज सोबत घेऊन जाते, हा माझा अनुभव आहे.

डेसिबल

पहिल्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. दुसऱ्याशी अजिबात नाही. लेन्स दमली म्हणून ट्रेबल कमी होत नाही. तबकडीवरचा डेटा सीआयआरसीने (सीडीची चुका दुरुस्त करणारी पद्धत) विखरून लिहिलेला असतो. ट्रॅकवर सुमारे अडीच मिलिमीटर सलग वाचता आलं नाही तरी मूळ बिट जसेच्या तसे परत मिळतात. त्याहून जास्त गेलं की आजूबाजूच्या सॅम्पलवरून अंदाज, आणि तेही जमलं नाही की म्यूट. म्हणजे टिकटिक, तुटणं, उडी मारणं. बोथटपणा नाही.

जुनं यंत्र

म्हणजे मी खोटं बोलतोय? यंत्र माझं, कान माझे, आणि तुम्ही सीआयआरसीचा धडा म्हणून दाखवताय. अंदाजाने भरलेले सॅम्पल म्हणजे गुळगुळीत झालेला सिग्नलच ना? मग वरचे सूर जाणारच.

आकडेमोड

सतत अंदाज लागत असेल तर तत्त्वतः फरक पडायला हवा. पण इतक्या चुका होत असतील तर गाणं तुटायलाच पाहिजे. ते कधी सुरू झालं?

जुनं यंत्र

तुटणं शेवटच्या आठवड्यात. बोथटपणा त्याच्या बराच आधी. आणि सगळ्याच तबकड्यांवर, नव्याकोऱ्यासुद्धा. उलटतपासणी झाली असेल तर सांगा.

कानसेन

त्यांच्यावर का घसरता? माझ्या पियानोचं उत्तर द्यायचं राहिलंय. पुस्तकी ज्ञानाने अनुभव पुसला जात नाही.

मंद्रसप्तक

थांबा. तुम्हा दोघांचीही तक्रार मला खरी वाटते, आणि दोन्हींचं कारण एकच असण्याची दाट शक्यता आहे: प्री-एम्फसिस.

सुरुवातीच्या काळातल्या काही तबकड्यांवर वरचे सूर मुद्दाम चढवून भरलेले असतात, ५०/१५ मायक्रोसेकंद, म्हणजे २० किलोहर्ट्‌झला जवळजवळ साडेनऊ डेसिबल. सोबत एक खूण असते. प्लेअरने ती वाचून तेवढेच सूर परत उतरवायचे. कानसेन, तुमचा जुना प्लेअर हे इमानाने करत होता. नव्या जोडणीत खूण डिजिटल तारेतून डॅकपर्यंत जाते, पण बरेच वेगळे डॅक तिकडे लक्षच देत नाहीत. वरच्या टोकाला साडेनऊ डेसिबलपर्यंत चढलेला पियानो कर्कश लागणारच, त्यात भ्रम कसला? पडताळून बघा: त्याच काळातली पण खूण नसलेली तबकडी दोन्हीकडे लावा, फरक नाहीसा झाला पाहिजे.

जुनं यंत्र, तुमचं बरोबर उलटं. काही जुन्या यंत्रांत डी-एम्फसिस (चढवलेले सूर परत उतरवणं) अॅनालॉग बाजूला रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) चालू-बंद व्हायचा. तो रिले चालू स्थितीत चिकटला तर प्रत्येक तबकडीचे वरचे सूर उतरणार, नव्याकोऱ्याही. तुटण्याच्या आधी, सगळ्या तबकड्यांवर, कायमचा बोथटपणा, हे लेन्सपेक्षा याच्याशी जास्त जुळतं.

आणि आकडेमोड, "डी-एम्फसिसची खूण पाळतो का" ही ओळ तुमच्या पाचांपैकी किती शीटवर आहे? साडेनऊ डेसिबलचा प्रश्न कोऱ्या कागदावर, आणि आपण भांडतोय उणे ९४ वर.

जुनं यंत्र

रिले आतून टिकटिकायचा हे खरं आहे, नंतर टिकटिक बंद झाली होती. असेल रिले. पण लेन्स द्यायला हवी होती, त्यावरून मी हटणार नाही.

आकडेमोड

एकाही शीटवर नाही. बेरजेचा रकाना काढून टाकतो. अधिक-उणे न लिहिलेला रिस्पॉन्स "माहिती नाही" असा दाखवतो, एस/एनसमोर मोजणीची अट लिहितो. डिस्टॉर्शनचा रकाना मात्र ठेवणार. तो तुम्हाला नको असेल तर वाचू नका.

कानसेन

पियानोचं पटलं. पण माझ्याकडे प्री-एम्फसिस नसलेल्या तबकड्याही आहेत, आणि त्यांतही झांज विरताना दोन प्लेअरांत मला फरक कळतो. तो व्होल्टेजचा नाही.

डेसिबल

कळत असेल. मग असं करा. दोन्हींवर १ किलोहर्ट्‌झचा टेस्ट टोन लावा, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर एसीवर ठेवून लेव्हल जुळवा, फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे एकीकडे २.०० व्होल्ट तर दुसरीकडे फार तर २.०२. नंतर सोळा वेळा, न बघता. बारा किंवा जास्त बरोबर आले तर मी इथेच लिहीन की तुम्हाला ऐकू येतं. नुसत्या अंदाजाने बारा यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे.

कानसेन

तयार आहे. तबकडी माझी आणि वेळ मला हवा तेवढा. दहा-दहा सेकंदांचे तुकडे नकोत, झांज पूर्ण विरू द्यायची.

डेसिबल

मान्य. तारा मात्र तुम्ही बदलायच्या नाहीत, आणि बदलणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही.

जुनं यंत्र

आकडेमोड, तक्ता नव्याने करताच आहात तर एक रकाना वाढवा: लेन्स असेंब्ली सुटी मिळते का. कंपन्या छापत नाहीत, पण मेकॅनिझमचा क्रमांक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पाचही मॉडेल क्रमांक मला पाठवा, कुठली लेन्स कशात बसते ते शोधून देतो.