मदत हवी आहे: मागच्या डाव्या चाकाकडून ‘ठक-ठक’, शॉकअप बदलले तरी आवाज तसाच

नमस्कार मंडळी,

दोन महिने झाले, गाडीच्या मागून आवाज येतोय. दोन मेकॅनिक झाले, पैसे गेले, आवाज होता तिथेच आहे. तिसरीकडे गाडी घालण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किलोमीटर चाललेली. २०१९ मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलं, ६० लिटरचा सिलिंडर डिकीत आहे. मागे नेहमीचा टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा लोखंडी दांडा), कॉइल स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. आम्ही पाटण तालुक्यात राहतो. आईचा मणका दबलाय, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी तिला कऱ्हाडला दाखवायला न्यावं लागतं. ती मागच्या सीटवर उशा लावून टेकून बसते. धक्का लागत नसला तरी ‘ठक’ झालं की ती आधीच अंग आवळून घेते, आणि त्यानेच पाठ दुखते म्हणते. म्हणून हा आवाज मला काहीही करून घालवायचाय.

आवाज असा: १० ते २५ च्या वेगात, उखडलेल्या डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर, मागून डावीकडून ‘ठक… ठक-ठक’. जाड लाकडावर मुठीने मारल्यासारखा, बसका. कधीकधी त्यात बारीक खडखडही मिसळते. मोठ्या स्पीड ब्रेकरवरून हळू गेलो तर काहीच नाही. हायवेला गाडी एकदम शांत. मागे तिघं बसले तर थोडा दबतो, पण जात नाही.

सुरुवात जुलैमध्ये झाली. गावापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा तुकडा पहिल्या पावसातच वाहून गेला होता. मे महिन्यात सिलिंडर हायड्रोटेस्टसाठी (पाण्याच्या दाबाची सुरक्षा चाचणी) काढून परत बसवला होता, तेही सांगून ठेवतो.

पहिल्या मेकॅनिकने गाडी दोनदा दाबून बघितली आणि शॉकअप गेलेत म्हणाला. दोन्ही बदलले, मजुरीसकट साडेचार हजार. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरा म्हणतो बीमचे बुश, म्हणजे जोडातले रबर, फाटलेत, बीम खाली घ्यावा लागेल, दिवसभर गाडी सोडा, साडेसहा हजार होतील. पण त्याने गाडी वर घेऊन काही दाखवलं नाही, ट्रायल मारून आल्या आल्या सांगितलं. मी पैशाला मागेपुढे बघत नाही, पण या वेळी खात्री झाल्याशिवाय काही उघडायचं नाही असं ठरवलंय.

बुश फाटलाय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि शॉकअप नवे असूनही हा आवाज त्यांच्याकडूनच येऊ शकतो का?

घाटवाट:

दादा, बीम अजिबात उघडू नका, आधी तपासा.

बीमचा बुश पुढच्या बाजूला असतो, बीम बॉडीला जोडतो तिथे. तो फाटला की आख्खा बीम पुढेमागे सरकतो. म्हणून त्याचा आवाज खड्ड्यापेक्षा ब्रेक मारताना आणि गाडी सोडताना जास्त येतो. मोकळ्या जागेत रिव्हर्समध्ये थोडी मागे घ्या आणि ब्रेक जोरात दाबा. मग पुढे घ्या, परत दाबा. बुश गेला असेल तर दर वेळी एकच ‘ठक’ मिळतो. शिवाय वळणावर गाडीचा मागचा भाग उशिरा वळल्यासारखा वाटतो आणि मागचे टायर एका कडेने झिजतात. यातलं काहीच नसेल तर बुशचा नाद सोडा.

दुसरं, डिकी पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे स्टेपनी, जॅक, टॉमी, पार्सल ट्रे, छत्री, पाण्याची बाटली, सगळं. मग त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन या. सांगायला फार साधं वाटतं, पण मी स्वतः सैल जॅकपायी महिनाभर सस्पेन्शन शोधत होतो.

तिसरं, त्याच रस्त्यावर हँडब्रेक एक-दोन खटके ओढून हळू चालवून बघा. आवाज बदलला तर ड्रममध्ये ब्रेक शूज हलतायत. लगेच सोडा मात्र, ड्रम तापू देऊ नका.

कोयनाकाठ:

सिलिंडरकडे आधी बघा. भरलेला ६० लिटरचा लोखंडी सिलिंडर म्हणजे जवळपास एका माणसाचं वजन. त्याच्या पट्ट्यांखाली रबर असतं. हायड्रोटेस्ट दर ३ वर्षांनी होते, तेव्हा सिलिंडर काढला की ते रबर परत नीट बसवलं जाईलच असं नाही. ब्रॅकेटचे बोल्ट डिकीच्या तळातून आरपार जातात, गाडीखालून वॉशर आणि नट दिसतात. तिथे गंजाचा ताजा लाल भुगा दिसला तर बोल्ट हलतोय असं समजा. बघायचं फक्त डोळ्यांनी आणि हाताने. पाइप आणि व्हॉल्व्हला पाना लावू नका, ते काम किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचं.

धागाकर्ता (भर, रविवार संध्याकाळ):

दोघांचे मनापासून आभार. आज मी आणि भाच्याने दिवसभर हेच केलं.

रिव्हर्समध्ये सात-आठ वेळा ब्रेक मारले, एकदाही ‘ठक’ नाही. मागचे टायर हात फिरवून बघितले, झीज सारखी आहे. हँडब्रेकने फरक नाही. सिलिंडर दोघांनी मिळून हलवला, जागचा हलला नाही. खालचे चारही नट जागेवर आहेत, रबरही आहे.

डिकी रिकामी केल्यावर मात्र मोठी गोष्ट कळली. आवाज दोन होते! सिलिंडरमुळे स्टेपनी बाजूला उभी बांधलेली आहे, तिचा पट्टा सैल होता. ती काढल्यावर बारीक खडखड थांबली. बसका ‘ठक’ तसाच राहिला, उलट आता जास्त स्पष्ट ऐकू येतोय. भाचा मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसला, कान सीटच्या पाठीला लावून. तो म्हणतो आवाज चाकाच्या वरून येतो, खालून नाही.

आता कुठे बघू?

पाना१४:

मी सांगलीत गॅरेज चालवतो, वीस वर्षं झाली. धागा पहिल्यापासून वाचला. ‘मोठ्या स्पीड ब्रेकरवर गप्प, छोट्या खड्ड्यावर ठक’ हे तुम्ही लिहिलंत तिथेच मला शॉकअपचं वरचं माउंटिंग डोळ्यासमोर आलं. भाच्याने ‘चाकाच्या वरून’ म्हटल्यावर शंका फार उरली नाही.

शॉकअपचा रॉड वर बॉडीला धरलेला असतो. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत तिथे वर एक रबर, खाली एक रबर, दोन्हीकडे वाटीसारखे वॉशर आणि वरून नट अशी रचना असते. रबर दबून चपटं झालं किंवा नट पूर्ण बसला नाही की मध्ये फट पडते. छोट्या खड्ड्यावर रॉड त्या फटीतच भराभर वरखाली आपटतो. मोठ्या ब्रेकरवरून हळू जाताना तो एकाच दिशेला दाबलेला राहतो, म्हणून आवाज येत नाही. म्हणजे शॉकअप नवा असला तरी आवाज येऊ शकतो, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

मेकॅनिकला एवढंच विचारा: शॉकअपबरोबर वरची रबरं नवी घातली का? बऱ्याच शॉकअपच्या खोक्यात ती येत नाहीत, वेगळी मागवावी लागतात. गडबडीत जुनीच परत घातली जातात. आणि नट आवळायच्या मशीनने (गनने) मारला तर त्याच्याबरोबर रॉडही गोल फिरतो, घट्ट झाल्याचा भास होतो. रॉडचं टोक धरून हातपान्याने आवळावं लागतं.

तपासायची रीत: डिकीतलं डावीकडचं कार्पेट सोडवा, वरचा नट दिसेल. गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर. तुम्ही नटावर आणि भोवतीच्या वॉशरवर बोटं ठेवा, भाच्याला मागचा बंपर छोट्या छोट्या झटक्यांनी दाबायला सांगा. जोर लावून खाली दाबू नका, त्याने काही कळणार नाही. फट असेल तर आवाजाच्या आधी बोटांना टिचकी कळते. मग उजवीकडे तेच करून फरक बघा.

आणि चाक काढायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. स्टँड लावा, पुढच्या चाकांना दगड लावा. चाक काढलंच तर स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा पाण्याने धुऊन बघा. तिथे चिखल साठतो आणि तुटलेला वेढा त्यात लपतो.

घाटवाट:

पाना१४ यांच्या म्हणण्यात एक भर. शॉकअपचा खालचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. चाकं लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर त्यातला रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे मेकॅनिकला आठवणीने सांगा.

धागाकर्ता (भर, गुरुवार):

सापडलं! पाना१४ काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं.

कार्पेट सोडवून बोटं ठेवली आणि भाच्याने दोनदा बंपर हलवला तेवढ्यात टिचकी कळली. अगदी स्पष्ट. उजवीकडे काहीच नव्हतं. काल एका ओळखीच्या फिटरकडे जाऊन माझ्यासमोर नट उघडायला लावला. डावीकडचं खालचं रबर जुनंच होतं, एका बाजूने बिस्किटासारखं चुरा झालेलं. वरचं रबर चपटं, आणि खालची वाटी उलटी बसवलेली, त्यामुळे रबराला धरायला काठच नव्हता. उजवीकडे वाटी सुलट होती, पण रबर तिथेही जुनंच. दोन्ही बाजूंची रबरं नवी घेतली, सगळी मिळून ३६० रुपयांना. मजुरी ४००. चाक काढलेलं असतानाच दोन्ही स्प्रिंग धुऊन बघितल्या, दोन्ही अखंड आहेत. खालचा बोल्ट त्याने गाडी खाली घेऊन आवळला. मी सांगायच्या आधीच त्याने तसं केलं, तेव्हाच मला त्याच्याबद्दल भरवसा वाटला.

पहिल्या मेकॅनिककडून जुने शॉकअप मागून घेतले होते, ते पोत्यात पडून होते. फिटरने दोन्ही उभे धरून आधी पाच-सहा वेळा पूर्ण दाबले-ओढले, कारण आडवे पडून राहिले की आत हवा शिरते आणि चांगलाही शॉकअप पोकळ लागतो. मग तपासले. उजवा एकसारखा जड चालतोय, तेलाचा डाग नाही. डावा मात्र सुरुवातीला इंचभर मोकळा जातो, मग धरतो. म्हणजे डावा बदलायला आलाच होता, आणि शॉकअप जोडीनेच बदलतात, त्यामुळे तो खर्च वाया गेला असं आता मी म्हणणार नाही. दोन दिवस बरं का वाटलं तेही विचारलं. फिटरच्या मते नट नुकताच आवळलेला असताना चपटं रबरही थोडं धरून ठेवतं, मग चुरा होत गेलं की फट उघडते.

आज आईला घेऊन कऱ्हाडला जाऊन आलो. गावाबाहेरच्या त्याच तुकड्यावर मुद्दाम काचा वर करून, रेडिओ बंद ठेवून गेलो. चाकं आपटल्याचा आवाज येतो तेवढाच, ‘ठक’ नाही. आईला मी काही सांगितलं नव्हतं. पाटणच्या पुढे गेल्यावर आरशात बघितलं तर ती उशीवर मान टाकून झोपली होती.

१,००० किलोमीटरनंतर दोन्ही नट परत तपासायला फिटरने सांगितलंय. स्टेपनीला नवा पट्टा घेतलाय. एकच विचारायचं राहिलं: डिकीत सिलिंडरचं वजन कायम असतं, तर मागच्या स्प्रिंगखाली जाड रबर पॅड घालतात ते घालावं का? गाडी मागून थोडी बसलेली दिसते.

पाना१४:

आई झोपल्या हे वाचून फार बरं वाटलं.

पॅडची घाई करू नका. आधी सपाट जागी, टाकी सारखीच भरलेली असताना, मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे टेपने मोजा आणि इथे लिहा. दोन्हीकडे सारखं असेल आणि मागे माणसं बसल्यावर गाडी बंप स्टॉपला (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकतं ते रबर) टेकत नसेल, तर आहे तसंच राहू द्या. पॅडने मागचा भाग उचलतो, पण गाडी कडक होते. तुमच्या मागच्या सीटवर कोण बसतं ते बघता मी तरी ते घालणार नाही.