सुंदानी खेड्यातील ‘मालमत्ता’ : मराठीत कोणते शब्द योजावेत?

प्रश्न

इंडोनेशियातील पश्चिम जावा आणि बान्तेन या प्रांतांत राहणाऱ्या सुंदानी शेतकऱ्यांच्या जीवनावर मी एक दीर्घ लेख मराठीत लिहीत आहे. लेखाच्या केंद्रस्थानी बान्तेनमधील लेबाक जिल्ह्यातले ‘कासेपुहान कारांग’ (कासेपुहान म्हणजे वडीलधाऱ्यांच्या परंपरागत रिवाजाने चालणारा सुंदानी समाज) हे फारसे कोणाला ठाऊक नसलेले गाव आहे. भातशेती, बांबूची घरे, खांबांवर उभी असलेली कोठारे आणि गावालगतचे जंगल यांचे वर्णन करताना मला अडचण आली नाही. घर कोणाचे, जमीन कोणाची, कोठारातले धान्य कोणाचे, हे लिहू लागल्यावर मात्र प्रत्येक ठिकाणी ‘मालमत्ता’ आणि ‘मालकी’ हेच दोन शब्द पुढे येतात आणि वाक्य वाचल्यावर ते चुकीचे वाटते. ‘हाक मिलिक’, ‘लेउइत’, ‘गादे’ आणि ‘गुना काया’ या संज्ञांसाठी अनुक्रमे ‘मालकी हक्क’, ‘कणगी’, ‘गहाण’ आणि ‘स्वकष्टार्जित मिळकत’ असे प्रतिशब्द मी योजले आहेत. ते योग्य आहेत का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

‘मालमत्ता’ हा शब्द आपण शीर्षकात ठेवावा, पण मजकुरात शक्य तितका टाळावा, असे माझे मत आहे. मालमत्ता म्हटले की विकता येणारी, तारण ठेवता येणारी आणि वारसांत वाटता येणारी वस्तू मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. कासेपुहान परंपरेतल्या गावात एकाच कुटुंबाच्या हाताखालच्या गोष्टींपैकी काही विकता येतात, काही केवळ कसता किंवा वापरता येतात आणि काही नुसत्या सांभाळायच्या असतात. या तिन्ही गोष्टी एका शब्दात बसवल्या, तर लेखाचा गाभाच हरवेल.

‘हाक मिलिक’साठी आपण घेतलेला ‘मालकी हक्क’ हा प्रतिशब्द अगदी योग्य आहे, आणि त्याला केवळ अर्थाचा नव्हे तर व्युत्पत्तीचाही आधार आहे. ‘हाक’ आणि ‘हक्क’ हा मुळात एकच अरबी शब्द असून ‘मिलिक’ आणि ‘मालक’ एकाच अरबी धातूपासून आले आहेत. तिकडचा ‘वारिस’ आणि आपला ‘वारस’ यांचेही तसेच आहे, आणि दख्खनच्या जुन्या कागदांतली ‘मिरास’ त्याच धातूची आहे. तरीही हा प्रतिशब्द फक्त कायद्यातल्या संज्ञेसाठी राखून ठेवावा. २४ सप्टेंबर १९६० रोजी संमत झालेल्या जमीनविषयक मूलभूत कायद्याने (१९६० चा कायदा क्रमांक ५) हाक मिलिक हा जमिनीवरचा सर्वांत पूर्ण हक्क ठरवला. त्याच कायद्याने ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, वेगळा मानला आणि शेतजमिनीच्या हक्कदाराने ती मुळात स्वतः कसली पाहिजे असेही बंधन घातले. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्यांना परिचित आहे, त्यांना या बंधनामागची भूमिका वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सुंदानी खेड्यांत अनेकांपाशी मालकीची सनद नसते. जुना ‘किकितिर’ असतो. याला ‘सातबारा’ म्हणण्याचा मोह होईल, परंतु किकितिर ही मूळची जमीनकराची चिठ्ठी आहे. ती जमीन या कुटुंबाच्या वहिवाटीत होती एवढे तिच्यावरून दिसते. ती स्वतः मालकीचा दस्त नाही. म्हणून ‘जमीनकराची जुनी चिठ्ठी’ असे सरळ लिहावे आणि त्यापुढे ‘वहिवाट’ हा आपल्या महसुली भाषेतला जुना, नेमका शब्द वापरावा. वहिवाटीला मराठीत जे वजन आहे, तेच येथे हवे आहे.

सर्वांत जास्त काळजी जंगलाबाबत घ्यावी लागेल. कासेपुहान लोक आपल्या जंगलाचे प्रकार करतात: ‘लेउवेउंग तितिपान’, ‘लेउवेउंग तुतुपान’ आणि ‘लेउवेउंग गारापान’. लेउवेउंग म्हणजे जंगल. तुतुपान म्हणजे राखून ठेवलेले, बंद जंगल, आणि गारापान म्हणजे कसण्यासाठी मोकळे असलेले. तितिपान या शब्दाचा अर्थ ‘कोणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू’ असा आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘ठेव’ हा सुंदर शब्द तयार आहे. हे जंगल पूर्वजांनी हवाली केलेली ठेव आहे, म्हणून ते तोडायचे नाही, कसायचे नाही आणि पुढच्या पिढीच्या हाती जसेच्या तसे द्यायचे. येथे ‘देवराई’ लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. देवराई देवाची असते. तिथे मालक दैवत आहे. तितिपान जंगलात गाव हा राखणदार आहे, आणि तो फरक कारांगच्या लोकांना फार मोलाचा आहे. ज्या प्रशासकीय गावात कारांग मोडते त्याचे नाव ‘जागाराक्सा’ आहे, आणि त्यातले ‘जाग’ व ‘रक्षा’ मराठी कानाला सहज ओळखू येतील.

या राखणदारीला कायद्याची मान्यता मिळायला फार काळ लागला. १८७० च्या डच जमीन कायद्याबरोबर आलेल्या जाहीरनाम्याने असे ठरवले की ज्या जमिनीवर कोणी पूर्ण मालकी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले जंगल त्या एका वाक्याने परके झाले. स्वतंत्र इंडोनेशियाच्या १९९९ च्या वनकायद्यातही परंपरागत समाजांच्या जंगलाची व्याख्या ‘अशा समाजाच्या प्रदेशातील सरकारी जंगल’ अशीच होती. १६ मे २०१३ रोजी तेथील संविधान न्यायालयाने या व्याख्येतला ‘सरकारी’ हा शब्द काढून टाकला. त्यानंतर ३० डिसेंबर २०१६ रोजी देशातील ज्या पहिल्या नऊ समाजांना आपल्या जंगलाच्या मान्यतेचा निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळाला, त्यांत कासेपुहान कारांग होते. क्षेत्र ४८६ हेक्टर. हा प्रसंग लिहिताना ‘गावाला जंगलाची मालकी मिळाली’ असे वाक्य करू नये. मान्यता समूहाला मिळाली आहे आणि कोणा एका कुटुंबाला त्यातला तुकडा विकता येत नाही. ‘सामाईक जमीन’ म्हटल्यास भाऊबंदांचे हिस्से डोळ्यांपुढे येतात, ‘गायरान’ म्हटल्यास सरकार आठवते. ‘गावकीचे जंगल’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो.

दुसरे उत्तर

जमिनीविषयी वर सविस्तर लिहिले गेले आहे, म्हणून मी घर आणि धान्य यांपुरतेच लिहितो.

‘लेउइत’साठी कणगी हा शब्द चालणार नाही. कणगी घराच्या आत असते आणि तिच्यात झोडपलेले, मोकळे धान्य भरतात. लेउइत ही घरापासून दूर, आगीपासून सुरक्षित अशा जागी, खांबांवर उभी केलेली स्वतंत्र इमारत आहे. तिच्या भिंती विणलेल्या बांबूच्या असतात आणि ती बहुधा खाली अरुंद व वर रुंद असते. तिच्यात मोकळे दाणे नसतात. लोंब्या ‘एतेम’ या बोटांत धरायच्या लहानशा पात्याने एकेक करून खुडतात, त्यांच्या जुड्या बांधतात, त्या वाळवतात आणि मग आत रचतात. अशा जुड्या वर्षानुवर्षे टिकतात. ‘भातजुड्यांचे कोठार’ असे एकदा सांगून पुढे ‘लेउइत’ हाच शब्द कायम ठेवावा.

त्या धान्याचा उल्लेख ‘साठा’ किंवा ‘शिल्लक’ असा करू नये, कारण दोन्ही शब्दांमागे बाजार उभा असतो. सुकाबुमी जिल्ह्यातील कासेपुहान चिप्तागेलार येथे भात वर्षातून एकदाच लावतात आणि तांदूळ विकणे निषिद्ध आहे. तो न्यी पोहाची या धान्यदेवतेचा देह मानला जातो. प्रत्येक कुटुंबाच्या लेउइतखेरीज तेथे ‘सी जिमात’ नावाचे सर्वांचे कोठार आहे. बान्तेनच्या कानेकेस येथील बादुय लोकही आपल्या डोंगरउतारावरच्या ‘हुमा’ शेतीतला भात विकत नाहीत. केळी, ताडगूळ, मध आणि हातमागाचे कापड विकून लागणारे पैसे उभे करतात. अशा धान्याला मराठीत ‘बेगमी’ म्हणावे. पावसाळ्याची बेगमी म्हणताना जी काळजी आणि जी निश्चिंती मनात असते, ती दोन्ही या शब्दात आहेत. ज्यांच्या घरी कोणे एके काळी वर्षाचे धान्य भरले जात असे, त्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

धान्याच्या नावांतही जपून लिहावे. सुंदानीत शेतातले पीक ‘पारे’, झोडपलेले दाणे ‘गाबाह’, कांडलेला तांदूळ ‘बेआस’ आणि शिजलेले अन्न ‘सांगु’ असते. मराठीत ‘भात’ शेतातही आहे आणि ताटातही, त्यामुळे पारेसाठी भातपीक, गाबाहसाठी साळ आणि सांगुसाठी शिजवलेला भात असा भेद पहिल्यापासून पाळला नाही, तर ‘भात विकणे निषिद्ध’ हे वाक्य वाचकाला कळणार नाही.

घराबाबत आपण एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. परंपरागत कायद्यात जमीन आणि तिच्यावरचे घर यांचे धनी वेगळे असू शकतात, आणि १९६० च्या कायद्यानेही हेच तत्त्व धरले. दगडांवर टेकवलेल्या लाकडी खांबांवरचे, बांबूच्या तट्ट्यांचे घर उकलून दुसरीकडे उभारता येते. म्हणून ‘घर-जमीन’ असा आपला जोडशब्द येथे वापरू नये. घराच्या भागांना मात्र मराठी नावे जवळजवळ बिनबोभाट लागू पडतात: ‘तेपास’ म्हणजे ओटी, ‘हावु’ म्हणजे चूल, आणि ‘तेंगाह इमाह’ तर शब्दशः माजघर. ‘गोआह’ला कोठीची खोली म्हणावे, पण तिथे पुरुषांनी जायचे नाही हे सांगायला विसरू नये. घरातले धान्य कोणाच्या ताब्यात असते, या आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या एका नियमात आहे.

प्रश्नकर्त्याची विचारणा

दोन्ही उत्तरांबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. ‘ठेव’ आणि ‘बेगमी’ हे शब्द मिळाल्याने लेखाचे दोन भाग मला पुन्हा लिहावेसे वाटत आहेत. ‘गादे’, ‘गुना काया’ आणि अर्धेलीचा व्यवहार यांविषयीही कृपया लिहावे.

पहिल्या उत्तरकर्त्याचे उत्तर

‘गादे’ला नुसते गहाण म्हटल्यास बँकेचे कर्ज आठवेल, ज्यात जमीन कर्जदाराच्याच हाती राहते. गादेमध्ये पैसे देणारा जमीन ताब्यात घेतो, कसतो आणि पैसे परत मिळेपर्यंत सगळे पीक स्वतः घेतो. आपल्या जुन्या दस्तांतला ‘ताबेगहाण’ हा शब्द येथे चपखल आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाची जमीन या रीतीने पिढीभर दुसऱ्याकडे राहू शकत असे. म्हणून इंडोनेशियाने १९६० मध्येच दुसऱ्या एका कायद्याने (क्रमांक ५६) असा नियम केला की सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ताब्यात राहिलेली शेतजमीन काहीही रक्कम न मागता मूळ धन्याला परत द्यावी, कारण तेवढ्या पिकातून पैसे वसूल झालेले असतात. या नियमात शेतकऱ्याविषयी जी न्यायबुद्धी आहे, ती लेखात अवश्य आणावी.

‘मारो’ म्हणजे अर्धेली, यात शंका नाही. ‘लिलिउरान’ म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात. त्याला ‘सावड’ म्हणावे. जावाच्या उत्तर किनाऱ्याच्या सपाटीवर ‘चेब्लोकान’ आहे. त्यात मजूर लावणी किंवा बेणणी मोबदल्याविना करतो आणि त्या बदल्यात कापणीत काम करून पिकाचा ठरावीक वाटा घेण्याचा हक्क मिळवतो. याला मराठी प्रतिशब्द शोधू नये; दोन वाक्यांत समजावून सांगावे.

‘गुना काया’ला ‘स्वकष्टार्जित’ म्हणणे हे माझ्या मते आपल्या यादीतले सर्वांत धोक्याचे भाषांतर आहे. स्वकष्टार्जित मिळकत एका व्यक्तीची असते. गुना काया ही लग्नानंतर पतिपत्नींनी मिळून कमावलेली आणि दोघांची असते. लग्नापूर्वी जे ज्याने आणले ते त्याचेच राहते. ‘संसारात जोडलेली मिळकत’ असे लिहावे. नवऱ्याने आणलेली वस्तूही याच नियमाने त्याची राहत असल्यामुळे ‘स्त्रीधन’ हा शब्द येथे अपुरा पडतो. जुन्या रिवाजाला एक अपवाद होता, जो वाचताना मला नेहमीच अस्वस्थ करतो: गरीब पुरुषाने श्रीमंत स्त्रीशी लग्न केल्यास त्याला ‘न्यालिंदुंग कागेलुंग’, म्हणजे अंबाड्याच्या आसऱ्याला गेलेला, म्हणत, आणि संसारात जोडलेल्या मिळकतीत त्याचा वाटा धरत नसत. गरीब स्त्री श्रीमंताघरी गेली तर अशा लग्नाला ‘मांग्गिह काया’ म्हणत आणि तिच्याबाबतही तोच नियम असे. पहिल्या शब्दासाठी ‘घरजावई’ सुचेल, पण घरजावयात प्रश्न राहण्याच्या जागेचा असतो, येथे तो संपत्तीच्या विषमतेचा आहे.

शेवटी ‘अल्पभूधारक’ या शब्दाविषयी. अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला इंडोनेशियात ‘पेतानी गुरेम’ म्हणतात. महाराष्ट्रात एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक ठरतो, त्यामुळे हा शब्द वापरल्यास वाचकाच्या मनातले शेत कित्येक पटींनी मोठे होईल. इंडोनेशियाचे पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो १९२० च्या दशकात बांडुंगला शिकत असताना शहराच्या दक्षिणेला त्यांना मारहाएन नावाचा एक सुंदानी शेतकरी भेटला, असे ते स्वतः सांगत. शेत त्याचे होते, कुदळ त्याची होती, झोपडी त्याची होती, तो कोणाच्याही मजुरीला जात नव्हता, आणि तरी घरच्यांचे पोट जेमतेम भरत होते. याच माणसाच्या नावावरून सुकार्नोंनी आपल्या विचाराला ‘मारहाएनवाद’ म्हटले, कारण ‘कामगार’ हा शब्द त्याला लागू पडत नव्हता. मराठीतही त्याला शेतमजूर म्हणू नये, आणि कुणबी म्हटल्यास वाचक जातीकडे वळेल. ‘स्वतःच्या तुकड्यावर राबणारा गरीब शेतकरी’ एवढे लांब लिहावे लागले तरी हरकत नाही.