मिनिस्टरची बायको: मंत्रीण, पाद्रीण की पाळकीण?

ओसरी: एका स्कॉटिश कुटुंबाच्या घरगुती डायऱ्या मराठीत करतेय. 1884 ते 1891, फाइफमधलं एक खेडं, लिहिणारी मिनिस्टरची बायको. हा मिनिस्टर म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडचा धर्मोपदेशक. मंत्रालयाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण आधीच्या अनुवादकाने पहिली वीस पानं करून ठेवलीत, त्यात 'मंत्रिमहोदय गाय बांधून आले' असं आहे. 'मिनिस्टर्स मॅन' म्हणजे खरं तर घरचं आणि चर्चचं वरकाम करणारा गडी, तो झालाय 'मंत्र्यांचा माणूस'. वाटतं, आता कोणाची तरी बदली करून देणार.

माझी अडचण निराळी आहे. बाई डायरीभर नवऱ्याला 'द मिनिस्टर' म्हणतात. शनिवारी मिनिस्टर प्रवचन लिहायला बसलेले, आणि बाई रविवारचे बटाटे आदल्या रात्रीच सोलून पाण्यात ठेवतायत, बुटांना पॉलिशही आजच, कारण उद्या काम निषिद्ध. बायकोच्या लेखणीतून उतरेल असा शब्द हवाय.

नगरी: 'पाळक' लिहा आणि मोकळ्या व्हा. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून आहे, आमच्या घरांत हाच शब्द. 'रविवारी पाळकसाहेब जेवायला येणारेत' असं आजी म्हणाली की एका कोंबडीचे दिवस भरले. पाद्री हा बाहेरच्यांचा शब्द.

वसईवाला: बाहेरच्यांचा कसा? पोर्तुगीज 'पाद्रे', म्हणजे बाप. आम्ही बोलताना फादर म्हणतो ते सोडा. पण इथे तो चालणार नाही हे मान्य. आमचे पाद्री लग्न करत नाहीत. 'पाद्र्यांच्या बायकोने बटाटे सोलले' हे वाचून आमची मावशी पुस्तक मिटून क्रूस करेल.

पानसुपारी: मंत्री बरोबरच आहे की. मंत्री, मंतरी, मिनिस्टर. शब्द आपलाच, फिरून परत आलाय.

जुनाट_कोश: नाही हो. लॅटिन 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून मिनिस्टर, म्हणजे सेवक. 'मागिस' म्हणजे जास्त, त्यावरून मागिस्टर, आणि तोच झिजत झिजत आपला मास्तर. म्हणजे मुळात मास्तर मोठा, मिनिस्टर धाकटा. परदेशी गेलेला मंत्रीच हवा असेल तर 'मँडरिन' घ्या, म्हणजे जुन्या चीनमधला बडा सरकारी अधिकारी. संस्कृत मंत्री मलायीत गेला, तिथून पोर्तुगीजांनी उचलला.

पानसुपारी: मास्तर मोठा, हे जनगणनेला दारोदार फिरणाऱ्या मास्तरांना सांगा.

नगरी: 'एल्डर', म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, आले की कळवा. मराठी बायबलात ते 'वडील'.

ओसरी: आलेत! आठव्या पानावर चार वडील चहाला येतात. संपादकांनी समासात लिहिलंय, 'कोणाचे?'

जुनाट_कोश: तिथे इलाज नाही. चर्च ऑफ स्कॉटलंड प्रेस्बिटेरियन पंथाचं, आणि हे नावच मुळी ग्रीक 'वडील' वरून पडलंय.

शुद्धमती: मुळात 'डायऱ्या' कशाला? 'रोजनिशी' असा अस्सल मराठी शब्द आहे. रोज निशेला, म्हणजे रात्री, लिहायची ती.

जुनाट_कोश: रोज फारसी. निशीसुद्धा फारसी, 'नविसी' म्हणजे लिहिणं. फडनिशी, चिटणिशी यांतली. निशा कुठेच नाही. आणि पेशवे दफ्तरातल्या रोजनिश्या, ज्यांतून गणेश चिमणाजी वाडांनी वेचे काढले, त्यांत इनामं, नेमणुका, हुकूम. मनातलं कोणी तिथे लिहीत नव्हतं.

शुद्धमती: मग 'दैनंदिनी' घ्या. फारसीची एवढी हौस असेल तर प्रश्नच मिटला.

वसईवाला: दैनंदिनी म्हणजे बँकवाले जानेवारीत फुकट देतात ती. बायको त्यात दुधाचा हिशोब लिहिते.

ओसरी: ह्या बाईंनीही निम्म्या पानांवर तेच केलंय. लोणी, कोळसा, मोलकरणीचा पगार. शिवाय 'मॅन्स' राहिलाच. मिनिस्टरच्या घराला ते म्हणतात. 'पाळकनिवास' पाटीवर बरं दिसतं, पण त्यात मुलं रडत नाहीत.

रूळावरून: क्वार्टर! माझे वडील (खरे वडील) रेल्वेत होते, मनमाडला क्वार्टर होतं. घर नोकरीला चिकटलेलं असतं. अंगणात आईने लावलेला शेवगा आम्ही गेल्यावर दुसऱ्यांना लागला. बाबा निवृत्त झाले तेव्हा आई रिकाम्या स्वयंपाकघराची फरशी पुसून निघाली. पुढचे लोक काय म्हणतील म्हणून.

ओसरी: अगदी हेच. मॅन्स चर्चचा, शेजारचा जमिनीचा तुकडाही चर्चचा, त्यावर ती गाय. मिनिस्टर गेला तर विधवेने घर सोडायचं. 1843 मध्ये एडिंबऱ्यात चर्च फुटलं, साडेचारशेंवर मिनिस्टर बाहेर पडले, त्यांची घरंही गेली. ह्या बाई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, तरी ती धास्ती पानोपानी आहे. पण क्वार्टर म्हटलं की मला पिवळा रंग दिसतो हो.

जुनाट_कोश: अशा घरातल्या मुलाला 'सन ऑफ द मॅन्स' म्हणतात. ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन तसेच. बाप मिनिस्टर, मुलगा प्राइम मिनिस्टर.

पानसुपारी: म्हणजे मंत्री बरोबरच होता.

नगरी: मूळ प्रश्नाकडे या. लक्ष्मीबाई नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. रमाबाई रानडे 'स्वतः' म्हणतात. तुमच्या बाईंना 'पाळकसाहेब' म्हणू द्या.

वसईवाला: बायको साहेब म्हणेल?

नगरी: आमच्या आजोबांना आजी चारचौघांत 'मास्तर' म्हणायची. तुमच्याकडे काय म्हणतात?

शुद्धमती: 'हे'. शुद्ध मराठी. एकही परकी अक्षर नाही.

ओसरी: 'हे' करून पाहिलं. एका पानात सतरा 'हे' झाले, त्यातले चार गाईचे. 'पाळक' ठेवणार होते. पण काल 1889 चा मार्च आला. धाकटी तापाने फणफणलीय, पाच दिवस नुसत्या तापाच्या नोंदी. आणि त्यांत कुठेही 'द मिनिस्टर' नाही. फक्त त्यांचं नाव. ताप उतरला त्या दिवशी पुन्हा 'द मिनिस्टर'. म्हणजे आता असा शब्द हवा की तो गळाल्यावर जाणवेल. 'पाळक' गळला तर कळेल का कोणाला?

पानसुपारी: ते मँडरिनचं पक्कं ना? संत्र्याचं इंग्रजी नावही तेच आहे.