मदत हवी आहे: घरात पिस्तूल, नऊ वर्षांचा मुलगा आणि मिशिगनचा कायदा

सांजवात:
आम्ही मिशिगनमध्ये राहतो. मुलगा नऊ वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी शेजारी चोरी झाली आणि नवऱ्याने रीतसर पिस्तूल घेतलं. मला तेव्हाच पटलं नव्हतं, पण तो वाद इथे नको. पिस्तूल कपाटाच्या वरच्या फळीवर, स्वेटरांच्या मागे, बुटांच्या खोक्यात आहे. कुलूप नाही. गोळ्या भरलेलं मॅगझिनही (पिस्तुलात बसणारी गोळ्यांची डबी) त्याच खोक्यात.

परवा धुतलेले कपडे ठेवायला गेले, तर कपाटाजवळच्या गालिच्यावर चार खळगे दिसले. स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या पायांचे. स्टूल परत जागेवर गेलं होतं. मुलाला विचारलं, तर म्हणाला बॉल शोधत होतो. बॉल त्याच्या पलंगाखाली होता. खोका हलल्यासारखा वाटला नाही, पण वरच्या दोन स्वेटरांच्या घड्या माझ्या हातच्या नव्हत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

नवरा म्हणतो, "मी त्याला नीट समजावलंय, तो हात लावणार नाही. आणि चोर घरात शिरल्यावर मी कुलपं उघडत बसू का?"

मला हे विचारायचं आहे. पिस्तूल नवऱ्याने घेतलं, कागद त्याच्या नावावर. उद्या काही विपरीत घडलं तर कायद्याने तो एकटा जबाबदार, की सगळं माहीत असून गप्प बसलेली मीसुद्धा? मुलाचे मित्र कधीकधी मुक्कामाला असतात, त्यांचं काय? आणि पिस्तुलासोबत मिळालेलं केबल लॉक (तारेचं कुलूप) खणात तसंच पडलंय, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. ते लावलं तर पुरेल का?

कोणी या कायद्याशी परिचित असेल तर कृपया लवकर लिहा.

दुपारची_शाळा:
ताई, मी वकील नाही, पण हा कायदा आल्यापासून बारकाईने वाचते आहे. अमेरिकेत बंदूक घरात कशी ठेवायची याचा देशभर लागू असा कायदा नाही, ते राज्याराज्यावर आहे. मिशिगनमध्ये तो 13 फेब्रुवारी 2024 पासून लागू आहे. 18 वर्षांखालचं मूल जिथे आहे किंवा असण्याची शक्यता आहे, तिथे बंदूक जवळ लक्ष न ठेवता सोडायची असेल तर ती कुलूपबंद पेटीत तरी हवी, नाहीतर गोळ्या काढून तिला स्वतंत्र लॉक लावलेलं हवं. बुटांचं खोकं यातल्या कशातच बसत नाही. आणि 'मूल' म्हणजे फक्त आपलं नव्हे. मुक्कामाला आलेले मित्रही त्यात आले.

मुलाने अशी सुट्टी ठेवलेली बंदूक घेऊन चारचौघांत मिरवली, तरी ती ठेवणाऱ्याला 93 दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. ती झाडून कोणी जखमी झालं तर 5 वर्षांपर्यंत, कोणाचा जीव गेला तर 15 वर्षांपर्यंत.

आता तुमचा पहिला प्रश्न. हा कायदा कागदावर कोणाचं नाव आहे ते विचारत नाही, बंदूक तिथे कोणी ठेवली, कोणी सोडली ते विचारतो. त्यामुळे पहिलं बोट तुमच्या नवऱ्याकडेच जाईल. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड हायस्कूलचा खटला आठवा. 30 नोव्हेंबर 2021 ला तिथे पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल बापाने चार दिवस आधी विकत घेतलं होतं. तरी 2024 मध्ये ज्युरीने आधी आईला दोषी ठरवलं आणि मग बापाला. आरोप इन्व्हॉलंटरी मॅन्स्लॉटरचा, म्हणजे हेतू नसताना घडलेल्या मनुष्यवधाचा. दोघांना प्रत्येकी 10 ते 15 वर्षं. हा नवा कायदा त्या वेळी नव्हताही, जुन्याच कायद्याखाली हे झालं. तिथे मुलाच्या वागण्यातले इशारे डोळ्यांसमोर असून दुर्लक्ष केल्याचा मुद्दाही मोठा होता, त्यामुळे तुमची गोष्ट तीच आहे असं मी म्हणत नाही. पण "माझ्या नावावर नव्हतं" एवढ्याने त्या आईची सुटका झाली नाही. तुमच्यापुरतं नेमकं उत्तर इथल्या फौजदारी वकिलाकडून घ्याच.

आणि ते न फोडलेलं पाकीट वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्या खटल्यातही केबल लॉक प्लास्टिकमध्ये तसंच सापडलं होतं.

रानवाट:
मी शिकारीला जातो, घरात तीन बंदुका आहेत आणि दोन मुली. केबल लॉक चालेल, पण पिस्तूल खरोखर रिकामं असेल तरच. मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं, एक गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी, जिथून गोळी सुटते) राहिलेली असू शकते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची, चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. मग केबल वरच्या खिडकीतून (रिकामं काडतूस बाहेर पडतं ती फट) आत घालून खाली मॅगझिनच्या जागेतून बाहेर काढायची आणि कुलूप लावायचं. किल्ली त्याच खणात ठेवायची नाही. हे काम तुम्ही एकट्या करू नका, नवऱ्याला करायला लावा आणि समोर उभ्या राहा.

चोराची भीती खरी असू शकते, मी त्याला हसणार नाही. त्यासाठी पलंगाजवळ बोल्ट करून ठेवायच्या छोट्या सेफ मिळतात, आकडे दाबून किंवा बोटाच्या ठशाने काही सेकंदांत उघडतात. फक्त कारखान्यातून आलेला कोड त्याच दिवशी बदला, आणि मुलाची जन्मतारीख ठेवू नका. ऑक्सफर्डच्या त्या घरातल्या सेफचा कोड 0-0-0 होता.

समजावण्याबद्दल एकच सांगतो. माझी धाकटीही फार समजूतदार आहे. तरी कुलूप आहे.

वेलदोडा:
केबल लॉक अनेक पोलीस ठाण्यांत फुकट मिळतात, नावगावही विचारत नाहीत. आणि मुलावर आत्ता ओरडू नका हो. ओरडलात तर पुढच्या वेळी स्टूल कुठे नेलं ते सांगणार नाही.

सांजवात:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलगा झोपल्यावर नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खोका खाली काढला, रानवाट यांनी लिहिलंय तसं एकेक केलं. चेंबर रिकामं होतं. केबल घातली, किल्ली त्याच्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात गेली. गोळ्या वेगळ्या पेटीत, तिला कुलूप. सेफ मागवली आहे. वकिलाची वेळ गुरुवारची मिळाली, दोघंही जाणार आहोत.

सकाळी मुलाशी बोलले. खोका उघडला होता म्हणाला. "बघितलं फक्त, आई." मी त्याला जवळ घेतलं, पुढचं काही बोलता आलं नाही.

अजून एक विचारायचं राहिलं. शनिवारी तो मित्राकडे राहायला जाणार आहे. त्यांच्या घरी बंदूक आहे का आणि कुलपात आहे का, हे त्या आईला कसं विचारता तुम्ही? कोणी विचारलं असेल तर नेमके शब्द सांगा.