सातपुड्याच्या नाल्यात ट्रायल्सचा सराव: गाडीत काय बदलावे आणि आधी काय शिकावे?

चोपडेकर_रायडर

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात राहतो आणि माझ्याकडे हीरोची एक्सपल्स २०० ही मोटरसायकल आहे. आमच्या शेताच्या कडेने सातपुड्यातून उतरणारा एक नाला जातो. दिवाळीनंतर तो कोरडा पडला, की त्यात काळ्या बेसाल्टचे गोटे, मुरमाचे चढ आणि पायऱ्यांसारखे खडक उघडे पडतात. मला वेगाची हौस नाही. अशा जागेतून पाय न टेकवता, सावकाश आणि नेमक्या रेषेत गाडी काढण्याचा जो ट्रायल्सचा प्रकार आहे, तो मला मनापासून शिकायचा आहे. खरी ट्रायल्सची गाडी घेणे सध्या शक्य नाही, त्यामुळे आहे त्याच गाडीवर सराव करावा लागेल.

ट्रायल्सच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) इतकीच हवा ठेवतात असे वाचले. माझ्या गाडीत किती ठेवावी? पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, एका दाताने लहान करावा का? आणि सरावाची सुरुवात नेमकी कुठून करावी? जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

पांझराकाठचा

भाऊ, तुमचा तिसरा प्रश्न खरे तर पहिला आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

टोनी बोऊ हा स्पॅनिश रायडर २००७ पासून वर्षानुवर्षे ट्रायल्सचा जगज्जेता राहिला आहे. त्याच्या चित्रफिती पाहिल्या, की चाक उचलणे आणि एका जागी उड्या मारणे म्हणजेच ट्रायल्स असे वाटू लागते. त्याची गाडी साधारण ७० किलोची असते, तिला सीट नसते आणि पोटाखाली ३०० मिलिमीटरच्या वर मोकळी जागा असते. तुमची गाडी १५० किलोपेक्षा जड आहे आणि तिचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर आहे. त्यामुळे उड्यांचा नाद पूर्ण सोडा. मात्र त्या उड्यांच्या मुळाशी असलेले कौशल्य, म्हणजे चालण्याच्या वेगाने गाडी ताब्यात ठेवणे, एक्सपल्सवर उत्तम शिकता येते.

नाल्यात उतरण्याआधी खळ्यासारख्या सपाट जागेवर सराव करा. फूटरेस्टवर पायाच्या चवड्यांनी उभे राहा, गुडघे किंचित वाकलेले आणि कोपरे बाहेर ठेवा, आणि डोके हँडलच्या मधोमध येईल असे पाहा. पहिल्या गिअरमध्ये रेस थोडी वर धरून ती तशीच स्थिर ठेवा आणि वेग केवळ क्लचने कमी-जास्त करा. क्लच जिथे पकड घेऊ लागतो, तेवढ्या थोड्या जागेतच बोट हलले पाहिजे. मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवला, तर इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा अडसर यांच्यामध्ये गाडी ताणलेली राहते, झटके बसत नाहीत आणि तोल सांभाळायला वेळ मिळतो. नवशिका रायडर हाताने रेस कमी-जास्त करत राहतो आणि म्हणूनच त्याची गाडी धक्के खात चालते.

वळताना रस्त्यावरच्या सवयीच्या उलट वागायचे असते. गाडी आत झुकवायची, शरीर बाहेरच्या बाजूला ठेवायचे आणि भार बाहेरच्या फूटरेस्टवर टाकायचा. हँडल पूर्ण वळवलेल्या स्थितीत दोन्ही बाजूंना सारखेच गोल काढता येईपर्यंत खडकाला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि नाल्यात नेमके त्याच बाजूचे वळण अंगावर येते.

खडक चढण्याचे गणित समजून घ्या. चाकाच्या आसापेक्षा उंच पायरीवर चाक नुसते ढकलून चढत नाही, ते उचलावेच लागते. सुरुवातीला वीतभर उंचीचा दगड निवडा. त्याच्या अलीकडे गुडघे वाकवून पुढचा शॉकअब दाबायचा, तो वर येऊ लागला की त्याच क्षणी क्लच नेमका सोडून थोडी रेस द्यायची, म्हणजे पुढचे चाक हलके होते आणि दगडाच्या वरच्या भागाला टेकते. यानंतरचा क्षण जास्त महत्त्वाचा आहे. पुढचे चाक वर गेले की रेस कमी करायची, क्लच ओढायचा, गुडघे सैल सोडून शरीर पुढे न्यायचे आणि मागच्या चाकाला मिळालेल्या गतीवर वर येऊ द्यायचे. तेव्हाही रेस चालू राहिली, तर मागचे चाक दगडावर फिरते आणि गाडी आडवी सरकते. मुरमाच्या सुट्या चढावर चाक जागीच फिरत असेल, तर पहिल्याऐवजी दुसरा गिअर वापरून पाहा.

भुसावळ_गॅरेज

पांझराकाठच्या दादांनी तंत्र नीट समजावले आहे. मी गाडीपुरते बोलतो.

चार-पाच पीएसआयचा आकडा तुमच्या गाडीसाठी नाही. ट्रायल्सच्या मागच्या टायरमध्ये ट्यूब नसते, त्याच्या बाजू मऊ असतात आणि गाडीही हलकी असते. एक्सपल्समध्ये ट्यूब आहे. इतकी कमी हवा ठेवली, तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपून पंक्चर होईल, किंवा टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह मुळापासून फाटेल. गोट्यांवरच्या सरावासाठी मी पुढे १८ आणि मागे २० पीएसआय सुचवेन. त्याहून खाली जायचेच असेल, तर आधी रिमलॉक, म्हणजे टायर रिमवर सरकू नये म्हणून आतून आवळून धरणारा अडकवा, बसवा. व्हॉल्व्हच्या बुडाची नट रिमला आवळून न ठेवता वर टोपीजवळ नेऊन ठेवा; टायर सरकू लागला की व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि वेळेवर कळते. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरा.

पुढच्या स्प्रॉकेटला १३ दात असतील आणि तुम्ही १२ दातांचा बसवला, तर गिअरिंग सुमारे ८ टक्क्यांनी आखूड होते, म्हणजे त्याच रेसला गाडी सावकाश पण जास्त ओढीने चालते. मागचा साधारण तीन दातांनी मोठा केल्यासारखाच हा परिणाम आहे, आणि खर्च कमी. सावकाश चालवताना फरक नक्की जाणवतो, परंतु चेन स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरावर अधिक घासू लागते, म्हणून ते रबर अधूनमधून तपासावे.

यापेक्षा मोठा फायदा पाना घेऊन अर्ध्या तासात होतो. उभे राहून हात हँडलवर ठेवा; मनगट सरळ राहील इतके क्लच आणि ब्रेकचे दोन्ही लिव्हर खाली फिरवा आणि फक्त एका बोटाने दाबता येतील असे आत घ्या. लिव्हरचे क्लॅम्प फार आवळू नका, कारण गाडी पडल्यावर लिव्हर फिरला पाहिजे, मोडता कामा नये. गिअर आणि मागचा ब्रेक बूट न उचलता दाबला जाईल अशा उंचीवर आणा. इंजिनाखाली मजबूत बॅश प्लेट, म्हणजे दगडांचा मार झेलणारा पत्रा, मात्र हवीच.

चोपडेकर_रायडर

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. अर्ध्या क्लचवर इतका वेळ गाडी चालवली, तर क्लच प्लेट जळणार नाहीत का? आमच्याकडचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.

शहाद्याचे_नाना

शंका रास्त आहे. क्लच तेलात बुडालेला असल्याने थोड्या वेळाचे घसरणे तो सहन करतो. मात्र हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला चालण्याच्या वेगात वारा मिळत नाही आणि तेल तापत जाते. त्यामुळे पाच-सात मिनिटे सराव करून इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत पुढची रेषा पायी चालून पाहावी. स्पर्धेतही रायडर प्रत्येक सेक्शन (खुणांनी आखलेला अवघड टप्पा) आधी पायी पाहतात, तेव्हा ही सवय तशीही लावायचीच आहे. क्लचच्या केबलला मॅन्युअलमध्ये दिलेली ढील ठेवा; ती नसेल, तर लिव्हर पूर्ण सोडूनही प्लेट घसरत राहतात. तेल नेहमीपेक्षा लवकर बदला आणि ते मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठीचेच वापरा. मार्च ते मे या काळात सकाळी नऊनंतर आपल्या भागात हा सराव करू नये.

सरावाला गुणांची शिस्त लावा. चुन्याने दोन्ही बाजूंच्या खुणा करून २०-२५ मीटरचा सेक्शन आखा आणि एका मित्राला निरीक्षक म्हणून उभे करा. पाय एकदा टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर ३, आणि गाडी पडली किंवा खुणांच्या बाहेर गेली तर ५. ज्याचे गुण कमी, तो पुढे. दगड चढलो की नाही, एवढेच पाहणारा रायडर पाय टेकत टेकत वर जातो आणि त्याचा तोल कधीच सुधारत नाही.

नाला नेमका कुणाच्या हद्दीत येतो, ते तलाठ्याकडून किंवा वनरक्षकाकडून आधी विचारून घ्या. यावल आणि अनेर ही दोन्ही अभयारण्ये आपल्याच पट्ट्यात आहेत आणि त्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी नेणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरतो. जागा तुमच्या शेताला लागून असली, तरी हद्दीचा दगड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय चुन्याच्या खुणा करू नका.